मध्येच बझर दाबलास ना? मग उरलेला प्रश्न आता तूच पूर्ण कर

बझर क्विझमध्ये, म्हणजे जो आधी बझर दाबेल त्यालाच उत्तराची संधी अशा क्विझमध्ये, प्रश्न पूर्ण वाचून व्हायच्या आधी बझर दाबू द्यावा का, यावरून क्विझवाल्यांमध्ये परत जुंपलीये. एक पार्टी म्हणते क्विझमास्टरला मध्येच तोडणं बंद करा, प्रश्न पूर्ण होऊ दे, मग काय ती बोटं चालवा. दुसरी म्हणते ज्याला आधी सुचलं त्याने का ताटकळत बसायचं, चुकला तर निगेटिव्ह आहेच की. इथपर्यंत ठीक, दोन्हीकडे मुद्दा आहे, पण पुढे जे होतं ते बघवत नाही. पहिले म्हणतात "ही नुसती बोटांची शर्यत झालीये", दुसरे म्हणतात "तुम्हाला झेपत नाही म्हणून रडता", आणि मग ज्याचा आवाज मोठा त्याचा मुद्दा खरा. अहो पण लवकर दाबला की उशिरा, हा मूळ प्रश्नच नाहीये ना! बझर वाजला की उरलेल्या अर्ध्या प्रश्नाचं काय होतं, ते बघा. काहीच होत नाही. क्विझमास्टर कार्ड खाली ठेवतो, पॉइंट लागतात, पुढचा प्रश्न सुरू. ज्याने तो प्रश्न चार ठिकाणी तपासून, शब्द न् शब्द जुळवून बनवला त्याची मेहनत गेली, बाकीच्यांना नक्की काय विचारलं होतं ते कळलंच नाही, आणि ज्याने उत्तर दिलं त्याला ते खरंच माहीत होतं की अंदाजपंचे दाहोदरसे ठोकून दिलं, हेसुद्धा कोणाला कळलं नाही.

म्हणून मी एक नियम सुचवतो. खेळकर आहे, पण पूर्ण विचार करून सुचवतोय. जो प्रश्न मध्येच तोडेल, त्याला तो प्रश्न पूर्ण करायची संधी मिळेल. म्हणजे प्रश्न अर्धा असताना तुम्ही बझर दाबला, उत्तर बरोबर आलं, नेहमीचे १० पॉइंट मिळाले. आता तुमची इच्छा असेल तर १० सेकंदांत, एका वाक्यात, जिथे प्रश्न तुटला तिथून पुढे तो स्वतःच्या शब्दांत पूर्ण करायचा. अट एकच, तोपर्यंत वाचली न गेलेली एक तरी खरी आणि नेमकी माहिती त्यात यायला हवी. जमलं तर वरचे ५ पॉइंट, नाही जमलं तर काही कापायचं नाही. आणि उत्तर चुकलं तर? तर तुमच्या हातात एक कोरी चिठ्ठी. समोरच्या टीमसाठी उरलेला प्रश्न वाचला जात असताना तुम्ही त्या चिठ्ठीवर एक ओळ लिहायची, अशी ओळ की वाचला गेलेला अर्धा प्रश्न अधिक तुमची ओळ मिळून एक खराखुरा प्रश्न तयार होईल आणि तुमचं उत्तर त्या प्रश्नाचं बरोबर उत्तर असेल. ते साधलं तर तुमचे निगेटिव्ह ५ माफ. पॉइंट मिळणार नाहीत, फक्त दंड माफ. बस, एवढाच नियम.

आता "थांबा" म्हणणाऱ्या पार्टीकडे येऊ, कारण त्यांचा मुद्दा मला मनापासून पटतो. प्रश्न ऐकायचा हक्क सगळ्यांना आहे, समोर बसलेल्यांनासुद्धा. अमेरिकन टीव्हीवरच्या जेपर्डी या क्विझ कार्यक्रमात पूर्वी क्लू वाचून व्हायच्या आधी बझर दाबता यायचा, आणि १९८५ पासून तो नियम बदलला, त्यामागे हेच मोठं कारण होतं की घरी बघणाऱ्यांना सोबत खेळताच येत नव्हतं. तेव्हापासून वाचन संपेपर्यंत थांबावं लागतं आणि घाईत आधी दाबला तर पाव सेकंदासाठी तुमचा बझर बंद पडतो. हेतू एकदम चांगला. पण बोटांची शर्यत संपली का? उलट शर्यत आणखी टोकाची झाली! पूर्ण प्रश्न ऐकल्यावर तिन्ही स्पर्धकांना उत्तर येत असेल तर ठरवणार कोण, अंगठाच ना? २०११ मध्ये आयबीएमचा वॉटसन कॉम्प्युटर याच खेळात केन जेनिंग्ज आणि ब्रॅड रटर या दोन दिग्गजांसमोर बसवला होता. वॉटसनचे शेवटी ७७,१४७ डॉलर झाले, जेनिंग्जचे २४,००० आणि रटरचे २१,६००. वॉटसनला भरपूर येत होतं यात वादच नाही, पण समोरची दोन माणसंही काही रिकाम्या डोक्याने बसली नव्हती. बझर सुरू झाल्याचा सिग्नल थेट मशीनला मिळायचा आणि बटणही मशीनच दाबायचं, त्यामुळे उत्तराची खात्री झाली की त्याला बोटाने हरवणं जवळपास अशक्य. माणसाला नुसता दिवा बघून बटण दाबायलाच साधारण पाव सेकंद जातो. म्हणजे सगळ्यांना थांबायला लावलं की ज्ञानाचा फरक पुसला जातो आणि जो उरतो तो रिफ्लेक्सचा फरक. ज्या गोष्टीविरुद्ध ही मंडळी ओरडतायत, तीच त्यांच्या उपायाने वाढते. हे त्यांच्या लक्षात का येत नाही मला खरंच कळत नाही.

मग "दाबा" म्हणणारे बरोबर का? अर्धे बरोबर. मध्येच तोडण्याची परंपरा जुनी आहे आणि ती विचारपूर्वक आलेली आहे. अमेरिकेत कॉलेज बोल हा कॉलेजच्या टीम्सचा क्विझ कार्यक्रम १९५३ मध्ये रेडिओवर सुरू झाला, त्याच्यावरून ब्रिटनमध्ये १९६२ ला युनिव्हर्सिटी चॅलेंज आला, तिथे आजही प्रत्येक बझरच्या (स्टार्टर) प्रश्नाला १० आणि मध्येच तोडून चुकलात तर ५ वजा. पुढे 'क्विझ बोल' या तिथल्या बझर क्विझच्या प्रकारात प्रश्न लिहिणाऱ्यांनी प्रश्नच पिरॅमिडसारखे लिहायला सुरुवात केली, म्हणजे सगळ्यात अवघड क्लू आधी आणि सोपा सगळ्यात शेवटी, म्हणजे ज्याला विषय खोलवर माहीत आहे तो आधी थांबवणार. त्यांच्या काही स्पर्धांत तर ठरावीक शब्दाच्या आधी उत्तर दिलं की १० ऐवजी १५ मिळतात. कल्पना सुंदर आहे. इथे लवकर दाबणं म्हणजे आगाऊपणा नसून अभ्यासाचा पुरावा असतो, आणि हे "थांबा"वाल्यांनी कधी नीट समजूनच घेतलं नाही.

पण घोडं पेंड खातं ते पुढे. वर्षानुवर्षं तेच तेच क्लू फिरत राहतात. अमुक शब्द आला की तमुक उत्तर, अशा जोड्या पाठ करून ठेवता येतात, आणि लोक करतातच. एखाद्या चित्रकाराचं एकही चित्र न बघता, त्याच्या एका चित्रातल्या कोपऱ्यातल्या एका वस्तूवरून त्याचं नाव सांगणारे खेळाडू प्रत्येक सर्किटमध्ये सापडतील. बझर वाजतो, उत्तर बरोबर, टाळ्या. त्याने अभ्यास केला नाही असं मी म्हणत नाही, पाठांतरही अभ्यासच आहे. पण ज्याने तो चित्रकार खरंच समजून घेतलाय त्याच्यात आणि याच्यात आजच्या नियमाने काहीच फरक दिसत नाही, उलट पाठांतरवाला अर्धा सेकंद पुढेच असतो कारण त्याला विचार करायचा नसतो. त्याला विचारा ना, "बरं, पुढे काय असणार होतं प्रश्नात?" तिथे एका क्षणात कळेल. आणि नाही सांगता आलं तर त्याचे १० कोणी काढून घेत नाहीये. ज्याला सांगता आलं त्याला फक्त पाच जास्त.

आता त्या चिठ्ठीचं, कारण त्यावरच लोकांच्या भुवया सगळ्यात जास्त उंचावणार आहेत. चुकलेल्याला माफी कशाला, हो ना? एक प्रश्न बघा. क्विझमास्टर वाचायला लागतो, "आपण शोधलेल्या मूलद्रव्याला आपल्या मायदेशाचं नाव देणाऱ्या या स्त्री शास्त्रज्ञ..." आणि बझर वाजतो. खेळाडू म्हणतो, मारी क्युरी. क्विझमास्टर मान हलवतो, चूक, मायनस ५. कार्डवर उत्तर आहे मार्गरिट पेरे, जिने १९३९ मध्ये फ्रान्सियम शोधलं, जी सुरुवातीला मारी क्युरीचीच सहायक होती आणि जी १९६२ मध्ये फ्रेंच अकॅडमी ऑफ सायन्सेसवर निवडून आलेली पहिली स्त्री ठरली. सुंदर प्रश्न आहे, सेटरला, म्हणजे प्रश्न बनवणाऱ्याला, सलाम. पण मला सांगा, ज्याने क्युरी म्हटलं तो नक्की कुठे चुकला? क्युरीने पिएरसोबत १८९८ मध्ये पोलोनियम शोधलं आणि पोलंडवरून त्याचं नाव ठेवलं. वाचल्या गेलेल्या शब्दांना दोन्ही उत्तरं तंतोतंत लागू पडतात! आता तिथेच बाजूला बसलेल्या दुसऱ्या कोणी "लिझे माइटनर" म्हणून ठोकून दिलं असतं, केवळ स्त्री आणि मूलद्रव्य हे दोन शब्द कानावर पडले म्हणून, तर? माइटनरच्या नावावरून मूलद्रव्य आहे, माइटनेरियम, पण ती उलटी गोष्ट झाली, तिने कुठल्या मूलद्रव्याला देशाचं नाव दिलेलं नाही. आजच्या नियमात या दोघांना सारखीच शिक्षा होते. एक जण रास्त विचार करून चुकला, दुसऱ्याने उचलली जीभ लावली टाळ्याला. माझ्या नियमात क्युरीवाला चिठ्ठीवर लिहील, "...जिचं हे मूलद्रव्य १८९८ मध्ये सापडलं", आणि सुटेल. माइटनरवाला पेन धरून बसेल, कारण लिहिण्यासारखं त्याच्याकडे काही नाही. हा न्याय नाही का?

यावर अनुभवी लोक म्हणतील की चांगला सेटर पहिल्या शब्दापासून एकच उत्तर निघेल असंच लिहितो, दोन उत्तरं निघाली तर ती त्याची चूक. मान्य, आदर्श तोच. पण प्रत्यक्षात बहुतेक क्विझचे प्रश्न छोटे असतात, एक-दोन वाक्यांचे, आणि अर्ध्यात तोडलं की त्यांचे दोन-दोन अर्थ होतातच, शिवाय मुद्दाम वळण घेणारे प्रश्न लिहायची हौस प्रत्येक सेटरला असते. मग सेटरच्या चुकीचा किंवा हौसेचा दंड खेळाडूने का भरायचा?

विरोधातला सगळ्यात भक्कम मुद्दा जजिंगचा आहे आणि तो मी हलक्यात घेत नाही. उत्तर बरोबर की चूक हे कार्ड बघून ठरतं, पण "वाक्य नीट पूर्ण केलं" हे कोण ठरवणार, यात वशिलेबाजी आणि भांडणं होणार, असं म्हणतील. होतील थोडी. पण आज होत नाहीत का? नुसतं आडनाव चालेल का, उच्चार चुकला तर द्यायचं का, जवळपास बरोबर असेल तर आणखी नेमकं विचारायचं का, हे निर्णय क्विझमास्टर प्रत्येक राउंडला घेतोच. इथे तर त्याच्या हातात उरलेला प्रश्न छापलेला आहे. खेळाडूने सांगितलेलं त्यात सापडलं, विषय संपला. कार्डवर नाही पण खरं असल्याचं सेटरला माहीत आहे, तरी विषय संपला. संशय आला तर बोनस नाही आणि त्यावर अपील नाही. पाच पॉइंटांसाठी एवढी कडक रेघ ओढायला हरकत नाही. आणि "एक मोठा माणूस होता" छाप मोघम वाक्याला काही मिळणार नाही, म्हणूनच मी वर नेमकी माहिती म्हटलं. वर्ष, जागा, नाव, घटना, यातलं काहीतरी हवं.

दुसरा मुद्दा असा येईल की बोलक्या पोरांचा फायदा होईल आणि शांत, बुजऱ्या खेळाडूंचं नुकसान. हा मुद्दा मला जास्त टोचतो, कारण बझरचं मोठं सौंदर्य हेच आहे की तिथे वक्तृत्व लागत नाही, बुजरं पोरही एका शब्दात जिंकू शकतं, आणि ते मला अजिबात घालवायचं नाहीये. म्हणून वाक्य व्याकरणशुद्ध असायची गरज नाही. पेरेच्या प्रश्नावर "फ्रान्सियम, १९३९" एवढं पुटपुटलं तरी पूर्ण मार्क. ज्याला बोलायचंच नाही त्याने बरोबर उत्तरानंतरही चिठ्ठीच वापरावी. वेळेचं म्हणाल तर २० प्रश्नांची मॅच धरा, प्रत्येक प्रश्न तुटला आणि प्रत्येकाने सगळे १० सेकंद घेतले तरी २०० सेकंद होतात, साडेतीन मिनिटंसुद्धा नाही. यावर जास्त बोलायची गरज वाटत नाही.

माफी आहे म्हटल्यावर लोक बेधडक दाबत सुटतील, हाही आक्षेप येईल. थोडे जास्त दाबतील, हो. पण चुकीच्या उत्तराने तुमची टीम त्या प्रश्नातून बाहेर जाते आणि समोरच्यांना उरलेला प्रश्न निवांत ऐकायला मिळतो, ही शिक्षा मी कुठे काढलीये? ती तशीच आहे. चुकलेल्याला मोठ्याने बोलायला न लावता चिठ्ठी देण्यामागेही हेच, नाहीतर त्याच्या वाक्यावरून समोरच्या टीमला फुकट हिंट मिळेल.

आता "गिमिक आहे" म्हणणाऱ्यांसाठी. प्रत्येक खेळात नवा नियम आला की हा शब्द येतोच. बास्केटबॉलमधली थ्री-पॉइंट लाइन, म्हणजे जिच्या बाहेरून बास्केट केली की तीन पॉइंट ती रेघ, १९६७ मध्ये सुरू झालेल्या अमेरिकेतल्या एबीए लीगने वापरली तेव्हा तिला तमाशाच म्हणायचे, एनबीए या तिथल्या मोठ्या लीगने ती १९७९ मध्ये घेतली आणि आज त्या लाइनशिवाय तो खेळ डोळ्यासमोर आणून दाखवा. फुटबॉलमध्ये गोलकीपरला हाताने बॅक-पास पकडायला १९९२ मध्ये बंदी आली तेव्हाही किती बोंब झाली, पण त्यामुळे वेळ काढणं कमी झालं आणि गोलकीपरना पायाने खेळायला शिकावं लागलं. उलटं उदाहरणही देतो, कारण ते दिलं नाही तर मी लबाडी केली असं होईल. २००५ मध्ये क्रिकेटच्या आयसीसीने वन-डेमध्ये सुपर-सब, म्हणजे मॅचमध्ये बदली म्हणून उतरवता येणारा जादा खेळाडू, आणला आणि वर्षाच्या आत गुंडाळला. का फसला? कारण सुपर-सब टॉसच्या आधी जाहीर करावा लागायचा, त्यामुळे टॉस जिंकणाऱ्याला दुहेरी फायदा आणि हरणाऱ्याचा जादा खेळाडू निम्मा वाया. म्हणजे खेळकर नियम कुठे मरतो ते कळलं, जिथे तो कौशल्याऐवजी नशिबाच्या हातात जातो. प्रश्न पूर्ण करण्यात टॉस कुठे आहे सांगा? तिथे फक्त तुम्हाला काय येतं तेवढंच आहे.

आणि क्विझच्या इतिहासात तर सगळ्यात मोठा बदल अशाच खेळकर डोक्यातून आलाय. १९५० च्या दशकात अमेरिकेत टीव्ही क्विझचा घोटाळा बाहेर आला, स्पर्धकांना आधीच उत्तरं पुरवली जात होती, प्रकरण १९५९ मध्ये संसदेच्या समितीपर्यंत गेलं आणि क्विझ या प्रकारावरचाच लोकांचा विश्वास उडाला. टीव्ही निर्माते मर्व्ह ग्रिफिन नवा क्विझ शो शोधत होते तेव्हा त्यांच्या पत्नी जूलन म्हणाल्या की मग उत्तरंच आधी देऊन टाका आणि प्रश्न स्पर्धकांना विचारू द्या. १९६४ ला सुरू झालेला जेपर्डी तो हाच. ऐकायला पोरकट वाटणारी कल्पना, आणि त्यावर अख्खा खेळ उभा राहिला!

आपल्याकडे तर हा खेळ कित्येक शतकं जुना आहे. समस्यापूर्ती म्हणजे दुसरं काय होतं? श्लोकाचा एक चरण पुढ्यात टाकायचा आणि कवीने बाकीचे तीन चरण असे रचायचे की तो शेवटचा चरण चपखल बसला पाहिजे. "ठठं ठठं ठं ठठठं ठठं ठः" हा निरर्थक वाटणारा चरण राजाने दिला आणि कवीने तो रामाच्या अभिषेकाच्या वेळी एका तरुणीच्या हातून निसटून पायऱ्यांवरून गडगडत गेलेल्या सोन्याच्या घड्याचा आवाज ठरवला, ही आख्यायिका संस्कृत शिकलेल्यांना माहीत असते. तिथे परीक्षा नुसत्या पाठांतराची नव्हती आणि नुसत्या वेगाचीही नव्हती, अर्धं दिलेलं पूर्ण करता येतं का याची होती. अष्टावधान, म्हणजे एकाच वेळी आठ आव्हानं पेलायचा प्रयोग, करणारे अवधानी आजही इतर सात व्यवधानं सांभाळत समस्यापूर्ती करून दाखवतात. मग बझर हातात असलेल्या, उत्तर आधीच माहीत असलेल्या खेळाडूला एक वाक्य पूर्ण करायला सांगितलं तर आभाळ कोसळणार आहे का?

राहिला एक प्रश्न, तो म्हणजे पाठांतरवाले यावरही तोडगा काढतील, प्रत्येक उत्तरासोबत एक जादा फॅक्ट पाठ करून येतील. येऊ देत की! क्युरी म्हटल्यावर १९०३ चं फिजिक्सचं नोबेल, १९११ चं केमिस्ट्रीचं, रेडियम, एवढं पाठ करून आलेला माणूस काल फक्त "पोलोनियम म्हणजे क्युरी" एवढंच घेऊन येत होता. आज त्याच्याकडे तीन गोष्टी आहेत, आणि त्या तीन गोष्टी प्रश्नाच्या तुटलेल्या टोकाला जोडायच्या म्हणजे प्रश्न कुठल्या दिशेला चालला होता ते कान देऊन ऐकावं लागणार. नुसता ट्रिगर शब्द पकडून चालणार नाही. मला तर हवंच आहे की त्यांनी असा तोडगा काढावा.

लगेच फायनलला लावा असं मी म्हणत नाही. आधी प्रॅक्टिस मॅचमध्ये, मग एखाद्या स्पर्धेच्या एकाच राउंडमध्ये लावून बघा. टाय-ब्रेकरला मात्र हा नियम नको, तिथे पहिल्या बरोबर उत्तरावर निकाल लागतो, बोनसला अर्थच राहत नाही. आणि चुकलेल्यांच्या चिठ्ठ्या मॅच संपल्यावर फेकू नका, त्या सगळ्या सेटरकडे द्या. कुठल्या शब्दावर प्रश्न तुटला आणि तिथपर्यंत आणखी कुठलं उत्तर बसत होतं हे खेळाडूच्या अक्षरात त्याच्यासमोर येईल, आणि पेरेचा प्रश्न पुन्हा काढायची वेळ आली तर "फ्रेंच" हा शब्द मायदेशाच्या आधी घ्यायचा की क्युरीचा चकवा तसाच ठेवायचा, हे त्याला ठरवता येईल.